खव्याऐवजी दूध पावडर: कशात चालते, कशात नाही?

बाळीवेसची_सून
नमस्कार मंडळी. नणंदेचं डोहाळजेवण आमच्याकडे आहे, साठेक माणसं होतील, आणि गोडाचं सगळं घरीच करायचं असं सासूबाईंचं आणि माझं ठरलंय. गुलाबजाम, नारळाची बर्फी, ओटीत द्यायला थोड्या करंज्या, आणि जमलं तर पेढे पण. आता अडचण अशी की सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, दुपारी पारा ४२ च्या पुढं जातोय आणि त्यात लाईट कधी जाईल नेम नाही, अशात तीन-चार किलो खवा आणून ठेवायचा म्हणजे जीव टांगणीला. मागच्या उन्हाळ्यात एका दुकानातनं सकाळी आणलेला खवा संध्याकाळी आंबूस वास मारत होता, सगळा टाकावा लागला. जाऊबाई म्हणतात दूध पावडर घे, काही कळत नाही कुणाला. पण मला नुसतं "चालतं" नकोय, कशात चालतं, कशात बिघडतं, खव्याच्या जागी किती घ्यायची आणि पाकीट कुठलं घ्यायचं हे नीट सांगा. दुकानात गेले तर पाच प्रकारची पाकिटं समोर ठेवली आणि प्रत्येकावर "सर्वोत्तम" लिहिलेलं.

कडकभाकरी
ताई गुलाबजामला बिनधास्त घ्या. आमच्या घरी कित्येक वर्षं पावडरचेच होतात. प्रमाण सांगते. २ वाट्या पावडर, अर्धी वाटी मैदा, २ मोठे चमचे साजूक तूप, पाव चमचा खायचा सोडा. तूप पावडरला हाताने चोळून घ्यायचं, मग १ चमचा दही आणि कोमट दूध थोडं थोडं. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, मळलं की मैद्याला चिकटपणा येतो आणि गुलाबजाम रबरासारखे होतात. पीठ सुरुवातीला हाताला चिकटेल एवढं सैल ठेवा कारण पावडर हळूहळू पाणी ओढते, दहा मिनिटांत ते बरोबर घट्ट होतं. जे लोक आधीच घट्ट भिजवतात त्यांचे तळताना फुटतात.

आणि आपल्या हवेत एक गोष्ट जास्त सांभाळायची, पिठावर ओलं फडकं पाहिजेच पाहिजे. पंखा चालू असला तर पंधरा मिनिटांत वर पापडी धरते आणि गोळ्याला भेगा जातात.

जुन्या_पेठेतला
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. आपण सोलापूरची माणसं. पंढरपुरी म्हैस आपल्या जिल्ह्याची, तिच्या दुधाला ७-८ टक्के फॅट. भूम-परांड्याकडं, कुंथलगिरीला रोज भट्ट्यांवर खवा आटतो, तो आपल्यापासून काही लांब नाही. आणि आपण डबा उघडून पावडर कालवायची? खव्याला जो भाजका, तुपाळ वास असतो तो कढईत दूध तासभर हलवल्यानेच येतो. पेढा खाल्ला की पहिल्या घासाला कळतं की खवा आहे का पावडर आहे. डोहाळजेवण रोज येत नाही. साडेचार लिटर म्हशीच्या दुधात किलोभर खवा निघतो, दोन पातेली लावा, दोघी-तिघी जणी आळीपाळीनं हलवा, घरचा खवा घरात. कशाला तडजोड करायची.

बाळीवेसची_सून
अण्णा तुमचं म्हणणं पटतं हो, पण तीन किलो खव्याला चौदा लिटर दूध आलं. एवढं खात्रीचं म्हशीचं दूध एकाच दिवशी कुठनं आणू? आमच्याकडे पिशवीचं येतं. आणि या उकाड्यात गॅससमोर तीन-चार तास उभं राहायला सासूबाईंना मी सांगू शकत नाही, त्यांचं गुडघ्याचं दुखणं आहे.

डेअरीतला_माणूस
दुधाच्या धंद्यात आयुष्य गेलंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे "दूध पावडर" ही एक वस्तू नाही. दुकानात चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि सगळा घोळ तिथंच होतो.

एक, होल मिल्क पावडर म्हणजे फुल क्रीम. यात फॅट २६ टक्क्यांच्या वर. मिठाईला हीच हवी.
दोन, स्किम्ड मिल्क पावडर, सागर वगैरे. फॅट जेमतेम १ टक्का, वरचं सगळं प्रोटीन आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज.
तीन, डेअरी व्हाईटनर, अमूल्या, एव्हरीडे ही त्यातली. ही चहासाठी बनवलेली, यात साधी साखर आधीच घातलेली असते, १८ टक्क्यांपर्यंत असू शकते. बहुतेक घरात "दूध पावडर" म्हणून हेच पाकीट येतं आणि मग बर्फी गोडमिट्ट झाली म्हणून लोक पावडरला नावं ठेवतात.
चार, लहान बाळांची पावडर, अमूल स्प्रेसारखी. ती बाळासाठी आहे, मिठाईत घालण्यात अर्थ नाही.

पाकिटाच्या मागं घटक वाचा. "साखर" हा शब्द दिसला की ते व्हाईटनर. आणि सुटी पावडर शक्यतो टाळा, ती कुठली आहे आणि पोतं कधी उघडलंय काही कळत नाही.

आता खवा. चांगल्या म्हशीच्या खव्यात साधारण ३७ टक्के फॅट, १८ टक्के प्रोटीन, २२ टक्के लॅक्टोज आणि २० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. गायीच्या खव्यात फॅट २५-२६ वर येतं. पावडर आणि खवा यात जो फरक आहे तो मुख्य म्हणजे फॅटचा आणि पाण्याचा. हे दोन्ही परत घातलं की आपण खव्याच्या फार जवळ जातो. हिशोब करून बघा: १०० ग्रॅम फुल क्रीम पावडर, २८ ग्रॅम साजूक तूप, ४० ग्रॅम पाणी. सगळं मिळून १६८ ग्रॅम. त्यात फॅट येतं जवळपास ३३ टक्के, लॅक्टोज २२, प्रोटीन १५-१६, पाणी २५. हा कागदावर खवाच झाला. म्हणजे किलोभर खव्याच्या जागी ६०० ग्रॅम पावडर, १७० ग्रॅम तूप आणि पाव लिटरला थोडं कमी पाणी. पाण्याऐवजी दूध घेतलं तर चव भरते, फक्त दूध थोडं जास्त घ्या कारण हलवताना आटतं.

हाच हिशोब स्किम्ड पावडरचा केला तर १०० ग्रॅमला ७०-७५ ग्रॅम तूप लागतं. एवढं तूप त्यात मुरत नाही, बाजूला सुटतं. म्हणून स्किम्ड पावडर घेऊ नका, आणि घरात तीच असेल तर तुपाऐवजी घरची साय घाला.

कडकभाकरी
दादा हे तर वहीत उतरून ठेवण्यासारखं आहे 🙏 मला अंदाजानं जमत होतं पण असं का होतं ते आत्ता कळलं.

पुण्यात_पण_सोलापूरची
मस्त धागा. गुठळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पावडर कधीच उकळत्या दुधात टाकायची नाही. लगेच वरनं ओली आतनं कोरडी अशी गोळी होते आणि मग ती कितीही घोटा मोडत नाही. पावडर चाळायची, पातेल्यात थंड किंवा कोमट दूध घ्यायचं, त्यात गॅस बंद असताना पावडर कालवायची, सगळं एकजीव झालं की मग तूप घालून बारीक गॅसवर ठेवायचं. जाड बुडाची कढई नाहीतर नॉनस्टिक, आणि उलथनं तळाशी सतत फिरतं पाहिजे. पाच-सात मिनिटांत गोळा कढई सोडतो, तिथं थांबायचं. अजून दोन मिनिटं म्हणत राहिलं तर गार झाल्यावर दगड.

गाजर हलव्याला मात्र उलटं. गाजर शिजून त्याचं पाणी पूर्ण आटलं की शेवटी पावडर थोड्या कोमट दुधात पातळ करून घालते, किलोभर गाजराला १०० ग्रॅम पुरे होते. दुधी हलव्याला पण तसंच.

जुन्या_पेठेतला
डेअरीवाले दादा, आकडे बरोबर असतील, मी नाही म्हणत नाही. पण वास? तो आकड्यात कुठं बसतो?

डेअरीतला_माणूस
वासाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे अण्णा. उघड्या कढईत तासभर दूध आटताना दुधातलं प्रोटीन आणि लॅक्टोज एकमेकांवर काम करतात, त्यातनं तो भाजका वास आणि बदामी रंग येतो. पावडर बनवताना दूध आधी कमी दाबाखाली आटवतात आणि मग गरम हवेत फवारून सुकवतात, ते काही सेकंदांचं काम, त्यात भाजणं होत नाही. म्हणून पावडरचा पांढरा रंग आणि सपक वास. थोडा भरून काढता येतो, वरचा गोळा झाल्यावर बारीक गॅसवर तुपात हलका परतला तर, पण पूर्ण नाही.

पण एक मुद्दा मांडतो. आज शहरात बहुतेक घरी टोन्ड दुधाची पिशवी येते. त्यात फॅट ३ टक्के, बाकीचे घन पदार्थ साडेआठ. ते घरी आटवून जो खवा होईल त्यात कोरड्या भागाच्या २६ टक्केच फॅट येतं. अन्नसुरक्षा कायद्याच्या मानकात खव्याला कोरड्या भागावर किमान ३० टक्के दुधाचं फॅट लागतं. म्हणजे पिशवीचं टोन्ड दूध चार तास आटवून केलेला घरचा खवा त्या मापात बसत नाही, आणि फुल क्रीम पावडर अधिक साजूक तूप त्याच्या पुढं जातं. वर किलोला साडेसहा लिटर दूध लागतं ते वेगळंच. खात्रीचं म्हशीचं दूध असेल तर आटवा, त्याला तोड नाही. ते नसेल तर ताईंनी पावडर घेण्यात काहीही कमीपणा नाही.

जुन्या_पेठेतला
हे मला माहीत नव्हतं. पिशवीच्या दुधाचं असं असेल तर मग तुमचं बरोबर. पेढ्याचं मात्र मी सोडणार नाही.

डेअरीतला_माणूस
पेढ्याचं सोडूही नका. पेढ्यात खव्याशिवाय दुसरं आहेच काय, साखर आणि वेलची. तिथं पावडर उघडी पडते. गुलाबजामला पाक आहे, बर्फीला नारळ आहे, हलव्याला गाजर आहे, तिथं ती आत मिसळून जाते.

पूर्वभाग
आमच्या घरी तेलुगू बोलतात, आम्ही पालकोवा, म्हणजे दूध आटवून केलेली पेढ्यासारखी मिठाई, करतो लग्नकार्यात. आईचा नियम एकच, पालकोव्याला पावडर नाही म्हणजे नाही, दुसऱ्या कशालाही घाला. वर दादांनी लिहिलंय तेच की. पण करंजीसाठी मी उलट खव्यापेक्षा पावडर घ्या म्हणेन. खव्याच्या सारणात ओल असते, या उन्हात तिसऱ्या दिवशी करंजी आतनं वास धरते आणि वरचं पारी पण मऊ पडते. आम्ही सुकं खोबरं भाजून, खसखस, पिठीसाखर, वेलची आणि त्यात तुपावर परतलेली पावडर घालतो, सगळं कोरडं. आरामात आठ-दहा दिवस टिकतात. परतताना फक्त लक्ष ठेवायचं, पावडर हलक्या बदामी रंगाला आली की लगेच ताटात काढायची, कढईत ठेवली तर तिच्या स्वतःच्या गरमीनं करपते. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पिठीसाखर मिसळायची नाही.

ओटीत द्यायच्या असतील तर हेच करा ताई, पाव्हणे गावाला जाईपर्यंत चांगल्या राहतील.

विजापूरवेस
आमच्याकडे ईदला शीरखुर्म्यात दूध दाट करायला पावडर घालतात, लिटरला तीन-चार मोठे चमचे, गार दुधात कालवून. बासुंदीला पण चालते. पण त्याच्या वर गेलात तर दुधाला पिठूळ चव येते आणि साईचे ते पापुद्रे मिळत नाहीत. अम्मी म्हणते दाटपणा पावडरचा आणि साय आटवलेल्या दुधाची, दोन्ही पाहिजे, म्हणून ती आधी दूध पाऊण होईपर्यंत आटवते मग पावडर.

कोणी मिल्कमेडचं विचारेल म्हणून सांगतो, त्यात साखर आधीच भरपूर असते. पावडरबरोबर ते घेतलं तर वरची साखर जवळजवळ लागतच नाही.

होटगीरोड
पावडरमध्ये लॅक्टोज जास्त म्हणजे ती जास्त गोड असणार ना? मग साखर कमी करायची का सगळ्यातच?

डेअरीतला_माणूस
नाही. लॅक्टोज साध्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच गोड असते, त्यामुळे फुल क्रीम पावडर असेल तर साखर नेहमीचीच ठेवा, व्हाईटनर असेल तरच कमी करा. लॅक्टोजचा त्रास वेगळा आहे. ती पाण्यात लवकर विरघळत नाही, गार झाल्यावर तिचे बारीक खडे होतात आणि बर्फी जिभेवर वाळूसारखी लागते, विशेषतः फ्रिजमध्ये ठेवल्यावर. स्किम्ड पावडरमध्ये लॅक्टोज निम्म्याच्या वर असते म्हणून तिची बर्फी रवाळ आणि कोरडी होते, आणि तळाला लवकर लागते ती पण त्यामुळंच. तूप पुरेसं घातलं की लॅक्टोजचं एकूण प्रमाण खाली येतं आणि हे टळतं.

बाळीवेसची_सून
किती छान माहिती मिळाली, सगळ्यांचे मनापासून आभार. घरातलं पाकीट बघितलं, मागं साखर लिहिलीय, म्हणजे व्हाईटनरच निघालं. ते चहाला राहू दे, नवीन पेठेतनं फुल क्रीम आणते. पेढ्यांसाठी थोडा खवा विकत घ्यायचा झाला तर तो चांगला आहे हे घरी कसं ओळखायचं? दिवाळीच्या आधी पेपरात भेसळीच्या धाडी वाचून भीती बसलीय.

पूर्वभाग
चिमूटभर खवा तळहातावर चोळा. तूप सुटलं पाहिजे आणि दुधाचा वास आला पाहिजे. आंबट किंवा साबणासारखा वास आला की परत करा.

डेअरीतला_माणूस
आणि पिठाची भेसळ ओळखायला आयोडीन. थोडा खवा पाण्यात उकळा, पूर्ण गार करा, मेडिकलमध्ये टिंक्चर आयोडीन मिळतं त्याचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. गार करायला विसरू नका, गरम असताना रंग नीट दिसत नाही. यात फक्त स्टार्च कळतं, वनस्पती तूप घातलेलं असेल तर ते यानं कळणार नाही. म्हणून ओळखीच्या माणसाकडनं, सकाळी, त्याच दिवशी वापरायचा तेवढाच घ्या.

होटगीरोड
उपवासाला चालते का पावडर? आषाढीला रताळ्याच्या बर्फीत घालायची होती.

कडकभाकरी
दूधच आहे की, आमच्यात चालते. पण घटक वाचा, दुसरं काही घातलेलं नाही ना बघा.

जुन्या_पेठेतला
सूनबाई, एक सुचवतो. पेढे साठ माणसांना करू नका. ओटीपुरते आणि देवापुढं ठेवण्यापुरते, अर्धा किलो खव्याचे करा. आमच्या ओळखीच्या गवळ्याकडं म्हशीचं दूध असतं, अडीच लिटर मी आदल्या दिवशी सांगून ठेवतो, मेसेज करा. घरी आटवा, तासाभराचं काम आहे. एवढं तुमच्या सासूबाईंना बसून पण हलवता येईल.

बाळीवेसची_सून
अण्णा, खूप आधार वाटला, लगेच मेसेज करते. मग असं ठरवते: पेढे खऱ्या खव्याचे, गुलाबजाम, बर्फी आणि करंज्या पावडरच्या. गुलाबजामला साठ माणसांना किती पावडर आणू? आणि आदल्या दिवशी केले तर चालतील ना?

कडकभाकरी
एक किलो आणा. पाव किलो मैदा धरला तर १५ ग्रॅमचे गोळे सव्वाशेच्या आसपास होतील, माणशी दोन. पण सगळं पीठ एकदम भिजवू नका, पाव-पाव किलोचे घाणे करा, नाहीतर शेवटचं पीठ कोरडं पडतं. तेल मंद पाहिजे. गोळा टाकला की तळाला बसून हळूहळू आपोआप वर आला पाहिजे, लगेच वर उडी मारली तर तेल जास्त तापलंय, बाहेरनं लाल होतील आतनं कच्चे राहतील. पाक वाटीला वाटी पाणी, पाच-सहा मिनिटं उकळून नुसता चिकट, तार नको. गुलाबजाम गरम आणि पाक कोमट. उकळत्या पाकात टाकले की सुरकुततात.

आदल्या दिवशी संध्याकाळी करा, रात्रभर मुरतात ते चांगलंच. पाकातले गुलाबजाम एक रात्र बाहेर टिकतात पण आपल्याकडची रात्र पण गरमच असते, म्हणून पातेलं परातीत पाणी घालून त्यात ठेवा आणि वर कापड बांधा.

पुण्यात_पण_सोलापूरची
नारळाच्या बर्फीचं माझं प्रमाण: ओला नारळ २ वाट्या, साखर १ वाटी, फुल क्रीम पावडर अर्धी वाटी. पावडर अगदी शेवटी, नारळ आणि साखर घट्ट व्हायला लागल्यावर, गॅस बारीक करून चाळणीनं वरनं भुरभुरायची. आधी घातली तर रंग पिवळट होतो. ताटाला तूप लावून थापा आणि कोमट असतानाच सुरीनं रेघा मारून ठेवा.

डेअरीतला_माणूस
उरलेल्या पावडरचं एक राहिलं. पाकीट कापून क्लिप लावून ठेवू नका. हवेतली ओल ओढून गठ्ठे होतात, आणि फुल क्रीम असल्यानं उघड्यावर त्यातलं फॅट खवट होतं. काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, चमचा कोरडाच घाला, महिनाभरात संपवा. वापरण्याआधी वास घ्या. तेलकट, जुनाट वास आला तर ती मिठाईत जाऊ देऊ नका, कितीही वेलची घातली तरी तो वास झाकत नाही.

बाळीवेसची_सून
अण्णांच्या गवळ्याकडं दूध सांगून झालं, पावडर आणि नारळ आज संध्याकाळी आणते. करंज्या दोन दिवस आधी करायला घेऊ का तीन?

पूर्वभाग
तीन. शेवटचे दोन दिवस गुलाबजाम आणि पेढ्यांसाठी मोकळे राहतील. तळून झाल्यावर पूर्ण गार करून मगच डब्यात भरा.